पुलावरचा सोबती

नातीला सांभाळायला सुधाताई जर्मनीला मुलाकडे, विश्वेशकडे निघाल्या, तेव्हा चिंतामणरावांनी मोठ्या ऐटीत सगळ्यांना बजावलं होतं, "माझी काळजी करू नका." घरच्यांनी ते तंतोतंत पाळलं.

मग एका संध्याकाळी, टीव्हीवर काही धड नाही म्हणून, त्यांनी विश्वेशने मागे ठेवलेला एक जुना व्हिडिओ गेम लावला. नुसता बघून बंद करायचा, एवढाच विचार होता.

गेम मोठा अजब निघाला. सगळं शहर काळं-पांढरं, दिवे तेवढे पिवळे. लांब कोट आणि हॅट घालून आपण रिकाम्या रस्त्यांवरून चालायचं. का चालायचं, हे कोणी सांगत नाही. पायऱ्या आल्या की नायक हवेतच चालू लागे, मधेच चित्र गोठे आणि संगीत एकटंच वाजत राही. बहुतेकांनी या गेमला शिव्या घातल्या, उरलेल्यांनी त्यावर जीव टाकला, असं विश्वेश म्हणायचा. चिंतामणरावांनी पहिल्याच दिवशी जीव टाकला. इतकी देखणी सामसूम त्यांनी कधी पाहिली नव्हती. इंदिरानगरच्या फ्लॅटमधली सामसूम अगदीच साधी होती.

दुसऱ्या दिवसापासून तिथे एक माणूस भेटू लागला. तसाच कोट, तशीच हॅट. बोलत नसे, पण सोबत चालायचा. आपल्यासारखाच कुठेतरी घरी एकटा पडलेला गृहस्थ असणार, असं चिंतामणरावांनी ठरवून टाकलं. (जरा बावळट होता. खांबावर आपटायचा, भलत्याच गल्लीत शिरायचा. पण माणूस सरळ वाटला.) ते त्याच्यासाठी थांबू लागले. सुधाताईंचा फोन आला तर जेवण झाल्याचं सांगून लवकर ठेवू लागले.

एक दिवस तो पुलाच्या मधोमध उभा राहिला आणि हलेचना. चिंतामणरावांनी त्याच्याभोवती दोन-चार फेऱ्या मारल्या. शेवटी घाबरून विश्वेशला ऑफिसात फोन लावला.

"अरे, गेममधल्या त्या गृहस्थांना बहुतेक अटॅक आलाय. कंपनीकडे त्यांच्या घरचा पत्ता असेल ना?"

विश्वेशने मीटिंग सोडून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, त्यात दुसरं कोणी नसतं. आदल्या दिवशी तुम्ही जसे चाललात, तसाच तो चालतो. ते तुम्हीच आहात. काल पुलावर काय केलंत?"

काल पुलावर असताना दूध उतू गेलं होतं. ओटा पुसण्यात बराच वेळ गेला होता.

"बंद करता येतो तो. कसा ते सांगू?"

"नको, राहू दे," चिंतामणराव म्हणाले, आणि उगीचच खाकरले.

फोन ठेवल्यावर त्यांना फार एकटं वाटलं. इतके दिवस आपण आपल्यालाच सांभाळून घेत होतो म्हणायचं. मग त्यांनी खटपट करून हॅट काढायचं बटण शोधलं, आणि पुलावर उभं राहून उद्याच्या चिंतामणरावांना अदबीने वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी ते लवकर जाऊन पुलावर उभे राहिले. तो आला, थांबला, हॅट काढली आणि कमरेत वाकून अगदी मनापासून नमस्कार केला. त्यांच्याकडे पाठ करून.