आधारभाऊंच्या गुलाबाची लिंबं

आधारभाऊंच्या ओट्यावरच्या गुलाबाला लिंबं लागायची. चांगली रसदार, पातळ सालीची. सुरतेजवळ भेस्तानच्या आमच्या गल्लीत निम्म्या घरांच्या वरणात तीच पिळली जायची. देताना आधारभाऊ न चुकता सांगायचे, "घ्या गुरुजी, गुलाबाची आहेत."

टपालानं रोप आलं तेव्हा त्याला 'गुलाब, गडद लाल' अशी चिठ्ठी बांधलेली होती. आधारभाऊ खानदेशातल्या शेतकऱ्याच्या घरातले. लिंबाचं पान त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांचा एक नियम होता. "आल्या नावानं राहू द्या," म्हणायचे. त्यामुळे त्यांच्याकडे मोगरा म्हणून तगर फुलायची, आणि 'हापूस कलम' हे बिरूद मिरवणारं एक रामफळ दाराशी अंग चोरून उभं होतं.

आधारभाऊ कडोदऱ्याच्या एका कारखान्यात माग दुरुस्त करायचे. सुट्टीच्या दिवशी ते रंगीत चित्रांची सूचीपत्रं चाळायचे आणि दूरदूरच्या नर्सऱ्यांना ऑर्डर द्यायचे. मग ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं पार्सल यायचं आणि आत भलतंच काही निघायचं. चिडायचं सोडून आधारभाऊ माझ्याकडे यायचे. मी मराठी शाळेतला मास्तर, त्यामुळे हिंदीत पत्र लिहिण्याचं काम माझ्याकडे.

"लिहा गुरुजी. तुमच्या गुलाबाला लिंबं धरली. तब्येत चांगली आहे. काळजी करू नका."

"अहो, तक्रार आहे की खुशाली?"

"कळवायला पाहिजे ना. त्यांना कसं कळणार, काय पाठवलं ते?"

एका नर्सरीनं एकदा माफी मागून बदली गुलाब पाठवला. तो बोगनवेल निघाला. आधारभाऊंनी तोही लावला, आणि त्याचीही खुशाली मीच लिहिली.

एकदा मी वैतागून म्हटलं, "कामरेजला एवढी मोठी नर्सरी आहे. जा, डोळ्यांनी बघून रोप आणा."

ते बोटांवरची माती खरवडत राहिले. "डोळ्यांनी बघून आणलं म्हणजे खरं निघतं का, गुरुजी?" म्हणाले आणि उठून गेले. त्या दिवशी पत्र लिहायचं राहून गेलं.

त्यांची एकुलती एक मुलगी मंदा. दोन वर्षांपूर्वी तिला अमळनेरजवळच्या एका गावात दिली होती. मुलगा सरकारी नोकरीत, निर्व्यसनी, असं सांगून स्थळ आलं होतं. आधारभाऊ स्वतः जाऊन बघून आले होते. मंदाचं महिन्याला एक पोस्टकार्ड यायचं. मजकूर ठरलेला: मी खुशाल आहे, काळजी करू नये.

एका सकाळी मी शाळेला निघालो असताना आधारभाऊ दारात आले. हातात कार्ड होतं.

"गुरुजी, तुम्ही चौथीत शिकवलं तिला. हे अक्षर मंदाचं आहे का?"

मी कार्ड उजेडात धरलं. मजकूर तोच होता. पण मंदाचा 'ळ' नेहमी पालथा पडायचा. वर्षभर गिरवून घेऊनही मला तो सरळ करता आला नव्हता. कार्डावरच्या 'काळजी'तला ळ अगदी ठसठशीत, सरळ उभा होता.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी कार्ड खिशात ठेवलं. आम्ही त्यांच्या घरी गेलो; त्यांच्या पत्नी इंदूवहिनी डबा भरत होत्या. "डबा ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मी मंदाकडे जाई ऱ्हायनू."

भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं ते गेले. तिसऱ्या दिवशी मंदाला घेऊन आले. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. तिला लिहिता येईना म्हणून सासूनं शेजारणीकडून कार्ड लिहून घेतलं होतं. नवऱ्याची नोकरी दारूपायी लग्नाच्या आधीच गेलेली होती.

आठवडाभर नातेवाईक येत राहिले. उधन्याचे चुलतभाऊ ओट्यावर बसून म्हणाले, "आधार, संसार म्हटलं म्हणजे थोडंफार चालतं. हात बरा झाला की पोहोचवून ये."

आधारभाऊंनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ते उठले, रामफळाची कुंडी उचलली आणि चुलतभावाच्या पुढ्यात ठेवली. "ही घेऊन जा. मला जागा करायची आहे. ओट्याला पत्रे मारून मंदाची खोली करतो."

आजवर एक रोप न टाकलेला हा माणूस त्या रविवारी कुंड्या उचलून दारोदार फिरला. माझ्याकडून नव्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या. "या वेळी खरं नाव लिहा," म्हणाले. तगरीला तगर, लिंबाला लिंबू. प्रत्येकाला देताना सांगायचे, "हे असं आहे. मागून म्हणू नका, सांगितलं नाही." लिंबू आमच्या शाळेच्या आवारात लागलं.

संध्याकाळी आम्ही दोघे रिकाम्या ओट्यावर बसलो. फरशीवर कुंड्यांचे गोल डाग उरले होते. आत इंदूवहिनी मंदाची वेणी घालत होत्या. दोघी कशावरून तरी हसल्या. आधारभाऊंनी कान देऊन ते हसणं ऐकलं.

"तुम्हाला तरी कसं कळणार होतं?" मी म्हणालो. "फसवलंच त्यांनी."

"मला कळलं होतं, गुरुजी."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"मांडवात जावयाच्या कपाळाला टिळा लावायला वाकलो, तेव्हाच वास आला होता. अक्षता पडायच्या होत्या अजून. मंदा मुंडावळ्या बांधून आत बसली होती. थांबवता आलं असतं." त्यांनी फरशीवरचा एक गोल डाग अंगठ्यानं घासला. "पण मुहूर्त लांबला होता आणि बाहेर अर्ध्या गावाची पंगत आधीच बसली होती. लोक माझी वाट बघत होते. मी वाढायला गेलो."