बसकी शाळा

आमच्या वाडीच्या बालवाडीत उभं राहून बोलायला बंदी होती. सरपंच आले तरी वत्सलाबाई म्हणायच्या, "आधी बूड टेका, मंग बोला." सरपंचही मुकाट्यानं कडक इस्त्रीचं धोतर सावरत सारवलेल्या जमिनीवर बसायचे.

कारण एकच, चार वर्षांची नूरी. पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले होते. ती आली त्या दिवसापासून बाईंनी सगळी शाळाच खाली बसवली. प्रार्थना बसून, कवायत बसून, शिवाशिवीसुद्धा सरकत सरकत. त्यात नूरी सगळ्यांना गाठायची. सराव तिचाच मोठा!

"माझ्या शाळंत कुनी कुनाचे गुडघे बघायचे न्हाईत," बाई म्हणायच्या. "तोंडं बघायची."

लोक हसून 'बसकी शाळा' म्हणत. पण पोरांच्या चड्ड्या मागं फाटायला लागल्या. त्यात आमचा धाकटा बाळू एकदा घरातही सरकतच जेवायला आला, तशी आई हबकली.

"पोरगं पांगळं व्हायचं की रं!"

बायका आमच्या ओट्यावर जमल्या. नूरीला काढा, न्हाईतर आमी आमची पोरं काढतो, असा अर्ज सरपंचांना द्यायचं ठरलं. लिहायचा मी. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नाही म्हणायचा धीर झाला नाही.

निदान बाईंच्या कानावर घालावं म्हणून कागद घेऊन गेलो. शाळा कधीच सुटली होती. बाई एकट्याच, खिडकीचा गज धरून उठू बघत होत्या. एकदा, दोनदा. उठवेना. मी धावलो.

"पोरं गेली का बघ आधी," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

"गेली. बाई, रोज असं?"

"वाताचं दुखनं हाय. बसाया काय न्हाई, उठायचं लई जड. नूरीचा बाप तिला घिऊन गेल्याबगर उठतच न्हाई मी. तिच्यादेखत कन्हले तर पोरीला वाटंल, आपल्यापायी."

मी त्यांना काखेत धरून उठवलं. त्यांची नजर हातातल्या कागदावर गेली.

"अर्ज का रं?"

"कोरा आहे." आईला काय सांगायचं, ठाऊक नव्हतं. "मी नाही लिहिणार, बाई."

"दुसरं कुनी लिहील."

"लिहील."

बाई नीट उभ्या राहिल्या होत्या. तरी माझा खांदा त्यांनी सोडला नाही.