इंगळे सरांची घडीची खुर्ची

मी शिकवते त्या शाळेत इंगळे सर स्वतःची खुर्ची घेऊन येतात. लोखंडी, घडीची, निळ्या पट्ट्यांची. धाड गावाहून येणाऱ्या जीपच्या टपावर ती बांधलेली असते. ड्रायव्हर रोज विचारतो, "सर, खुर्चीचं हाफ तिकीट लावू का?" सरांचं उत्तर ठरलेलं. "काऊन बे, ते काय आत बसली?"

संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाला मुलांना स्वागतासाठी रस्त्यावर उभं करायचं होतं. सरांनी आपला वर्ग बाहेर सोडला नाही. "पोरं शिकाले येतात, उभे राहाले नाही," म्हणाले. "मग तुम्हीच उभे राहा," असं सुनावून मुख्याध्यापकांनी शिक्षकखोलीतली त्यांची खुर्ची काढून घेतली. दुसऱ्या दिवशी सर घरची घेऊन आले.

तेव्हापासून "बसून बोलू" हे त्यांचं पालुपद. मुख्याध्यापक व्हरांड्यात ओरडू लागले की सर खुर्ची उघडतात, बसतात. "हं, बोला आता." बसलेल्या माणसावर ओरडायला वाकावं लागतं, आणि मुख्याध्यापकांना कंबरेचा त्रास आहे.

मधल्या सुट्टीत सरांजवळ कोणी बसत नाही. मुख्याध्यापकांचं लक्ष असतं. सर खिडकीकडे तोंड करून डबा खातात.

या महिन्यात मला निरोप आला: मुख्याध्यापकांच्या घरी लग्न आहे, वर्गातल्या मुली वाढायला पाठवा. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची गेली. "मॅडमलेही इंगळेची हवा लागली," मुख्याध्यापक सगळ्यांदेखत म्हणाले. कोणी मान वर केली नाही.

संध्याकाळी जीपची वाट पाहताना मी सरांना सांगितलं, उद्या राजीनामा देते. सर "बसून बोलू" म्हणाले नाहीत.

सकाळी टपावर दोन खुर्च्या होत्या. दुसरीवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं, पण त्यावरची धूळ जुनी होती.

"नवी घेतली, सर?"

"नाही. गणिताच्या वानखडे सरसाठी घेतली होती. त्यायचीबी खुर्ची अशीच काढली होती. म्या बजारातून आणली, तवर ते नोकरी सोडून गेले."

त्यांनी प्लास्टिक फाडलं, खुर्ची रुमालाने पुसली. "राजीनामा द्याचाच असंल तं द्या, मॅडम. पण बसून द्या."

मी बसले. त्या दिवशी राजीनामा राहिला.

मधल्या सुट्टीत सरांनी सवयीने खुर्ची खिडकीकडे केली. थांबले. मग ती माझ्या दिशेने वळवून त्यांनी डबा उघडला.

"ठेचा चालते ना?"