तावडेमामांचे काळे ठिपके

आमचे तावडेमामा जिलबी खात नाहीत. डायबिटीस नाही, पथ्य नाही. वेटोळं फार घट्ट असतं, ते त्यांना बघवत नाही.

मुलुंडच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात मामा दुर्बिणीच्या खोलीतले टेक्निशियन आणि मी तिथली सिस्टर. दुर्बीण म्हणजे तोंडातून पोटात घालायची लांब काळी नळी. तिच्यात केसाहून बारीक असे काचेचे हजारो तंतू असतात. प्रत्येक तंतू आपापला उजेडाचा कण डोळ्यापर्यंत आणून पोचवतो. नळी जास्त वाकली, चेंगरली की एखादा तंतू तुटतो, आणि चित्रात त्या जागी काळा ठिपका बसतो तो कायमचा.

त्यामुळे मामांच्या लेखी घडी घालणं हे पाप. बीपीच्या यंत्राची नळी, टेबल फॅनची वायर, माझा चार्जर, सगळं ते हातातून काढून घेतात आणि ऐसपैस गुंडाळून ठेवतात.

"काच आसा ती, सुतळी नाय."

"मामा, हा चार्जर आहे."

"सवय लागाक व्हयी."

सकाळी आठला, माझा चहाही झालेला नसताना, मामा दुर्बिणीचं टोक ट्यूबलाइटकडे धरून डोळा लावतात आणि ठिपके मोजतात. मोठ्याने. प्रत्येक ठिपक्याला मालक आहे. त्यांच्या दोनशेपानी वहीत एक गोल काढलाय, त्यात ठिपके, आणि पुढे दोन रकाने: नाव आणि कारण. "हा मोठे डॉक्टर, घाई. हे दोन मागच्या शिकाऊ डॉक्टरचे, मोबाइलवर बोलत होता. आणि हा तुमचा, सिस्टर, कपाटाचं दार." माझ्या नोकरीचा तो पहिला आठवडा होता. अकरा वर्षं रोज सकाळी मी माझं कपाटाचं दार ऐकतेय. माझा नवराही इतकं धरून ठेवत नाही.

फक्त वरच्या कडेला तीन ठिपके होते, त्यांच्यापुढचे रकाने कोरे. एकदा विचारलं, तर "ते ऱ्हवांदेत" म्हणाले आणि वही मिटली.

गेल्या महिन्यात नवीन दुर्बीण आली. नळी शेवयीएवढी, काच नव्या तऱ्हेची, आणि पडद्यावर चित्र इतकं लख्ख की पोटातली बारीकशी शीरही मोजून घ्यावी. कंपनीचा इंजिनीअर खुशीत सांगत होता, चित्रावर दिसणारी तंतूंची जाळीसुद्धा कॉम्प्युटर पुसून टाकतो.

मामांनी विचारलं, "आणि तंतू तुटला तर?"

"आजूबाजूच्या तंतूंवरून ती जागा भरून काढतो ना. तुम्हाला कळणारपण नाही."

"तुटलेलं कळणारच नाही?" मामांनी हे दोनदा विचारलं.

जुनी दुर्बीण एक्स्चेंजमध्ये त्याच दिवशी चार वाजता जायची होती. कागदावर सही माझी. सकाळपासून चौदा पेशंट झाले होते, पायांचे तुकडे पडले होते. सही करावी आणि बसावं, एवढंच मनात होतं. कागद घेऊन खोलीत गेले तर मामा जुन्या दुर्बिणीला डोळा लावून बसलेले. मोजत नव्हते.

"मामा, द्या आता. कंपनीचा माणूस येईल."

"सिस्टर, माउथपीस कोण धरतं?"

माउथपीस म्हणजे पेशंटच्या दातांत धरायचं कडं, नळी चावली जाऊ नये म्हणून. ते मामाच धरतात. दुसऱ्या कुणाच्या हाताचा त्यांना भरवसा नाही.

"एकदा सुटला माझ्याकडून," मामा म्हणाले. "हिची तपासणी होती तेव्हा."

मामी जाऊन दोन वर्षं झाली. मी भांडुपला त्यांच्या घरी भेटून आले होते, पण त्या तपासणीच्या वेळी मी रजेवर होते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"नळी आत गेली तशी घाबरली. हात पुढे केला. मी माउथपीस सोडून हात धरला. चावली ती. वरचे तीन ते." डोळा त्यांनी नळीवरून काढला नाही. "घरात फोटो आसत तिचे. सगळे हसायला सांगून काढलेले."

मला रडू आलं, आणि रडायलाही अंगात त्राण नव्हतं. लिफ्ट बंद होती. दोन मजले चढून मोठ्या डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, जुनी दुर्बीण द्यायची नाही, नवीन लोकांना वेटोळं घालायला शिकवायला लागते. त्यांनी माझ्या हातातला एक्स्चेंजचा कागद घेतला. मग कागदावर काट मारून त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी आठला मामांनी पहिल्यांदाच ठिपके बघायला दुर्बीण माझ्या हातात दिली. मी डोळा लावला. खाली डावीकडे माझं कपाटाचं दार. वर कडेला तीन, एकाला एक चिकटून.

"दिसले?"

"दिसले."

मामांनी वही उघडली. नाव कोणाचं घालायचं हेच इतके दिवस ठरत नव्हतं, म्हणाले. चूक तिची म्हणवत नव्हती, आणि दात तर तिचेच. मग पेनाचं टोपण काढून त्यांनी सावकाश लिहिलं. नाव: आम्ही दोघं. कारण: हात धरला होता.