तेवीस जळके बांगडे

आमच्या सुनेला बांगडा भाजता येत नाही. अकरा वर्षं झाली तिला या घरात येऊन, अजून येत नाही. हाताला गुण नाही म्हणावं तर तसंही नाही. पण एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात कादंबरी, मग माशाचा कोळसा नाही होणार तर काय होणार? वर विचारलं की डोळे पुसत म्हणते, "आई, फक्त दोनच पानं राहिली होती हो." दोन पानांपायी मी एकविसावा बांगडा मांजराला घातला, तेव्हा मोजणं सोडून दिलं.

नाव तिचं चिनात्सु. कॉलेजात शिकलेली, पण माझ्यासाठी चिठ्ठी ठेवायची झाली तर पहिलीतल्या पोरासारखी सोप्या सोप्या अक्षरांत लिहिते. एवढं शिकून हे. मी कधी बोलून दाखवलं नाही. माणसाने मोठं मन ठेवावं.

आमचं पुस्तकांचं दुकान आहे, धक्क्यावरून वर येणाऱ्या रस्त्याला. नवरा गेल्यावर ते मी चालवलं. मुलगा फेरीबोटीवर असतो, त्याला पुस्तकांत गोडी नाही. गावात सगळे मला दुकानाची आजी म्हणतात आणि मान देतात. चाळीस वर्षं पुस्तकांत काढलेली बाई म्हणजे सगळं वाचलेली, असं त्यांचं त्यांनीच ठरवलंय. मी कशाला मोडता घालू? खरं सांगायचं तर मी लहान होते तेव्हा युद्ध चालू होतं, आणि शाळेच्या मैदानात रताळी लावली होती. मी शाळेत शिकले ती रताळी. आमच्या जपानीत पोरं आधी शिकतात ती सोपी अक्षरं येतात. एकेका शब्दाची वेगळी अशी हजारो अवघड अक्षरं असतात, ती आली की मी चष्मा विसरते. हे माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं, आणि तो काही बोलायला परत येणार नव्हता.

म्हणजे, ओबोनला येतो, तेवढंच. ऑगस्टच्या मध्याला गेलेली माणसं तीन दिवस घरी येतात, आणि माझा नवरा धुळीच्या दुकानात पाऊल टाकणार नाही. तेव्हा दर वर्षी ओबोनच्या आधी मी दुकान झाडूनपुसून लख्ख करते. सगळा घोटाळा त्या लख्खपणाने केला.

झालं असं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवीच्या मुलांना एक कादंबरी वाचून त्यावर निबंध लिहायचा असतो. शाळेतले हिगाशिदा सर बारा कादंबऱ्यांची यादी धाडतात, आम्ही त्या पुढच्या टेबलावर मांडतो. प्रत्येक गठ्ठ्यावर चिनात्सुच्या हातचं एकेक कार्ड, रंगीत कागदाचं, पुस्तक का वाचावं ते सांगणारं. त्यासाठी ती बाई जुलैभर जागून बाराच्या बारा वाचते. ते टेबल म्हणजे तिचा जीव. कपडे-दागिने मागणाऱ्या सुना असतात असं ऐकते, ही फक्त ते टेबल मागते.

यंदा ओबोनच्या आधी तिच्या आईचा हात मोडला आणि ती माहेरी गेली ती महिनाअखेरपर्यंत. दुकानात मी एकटी. टेबल पुसायचं म्हणून मी बाराही कार्डं काढली, पुस्तकं काढली, सगळं चकचकीत केलं. आणि मग हातात बारा कार्डं घेऊन उभी राहिले.

कार्डांवर पुस्तकाचं नाव नव्हतं. पण मजकूर वाचून कोणालाही कळलं असतं. कोणालाही म्हणजे ज्याला वाचता येतं त्याला.

मी म्हटलं, एवढं काय अवघड आहे? निळं कार्ड निळ्या पुस्तकावर, लाल कार्ड लाल पुस्तकावर. इतकं देखणं दिसत होतं ते टेबल, की मी नवऱ्याच्या फोटोला मुद्दाम सांगितलं.

ओबोन झाला आणि पोरं आली. रोज येत. वह्या घेऊन टेबलासमोर उभी राहत आणि लिहून घेत. दहा-दहा मिनिटं मान वर नाही. मला काय भरून आलं! मी प्रत्येकाला बार्लीचा गार चहा दिला. म्हटलं, वाचा बाळांनो. पुस्तक मात्र एका मुलीनेच नेलं. बाकीच्यांनी खोडरबर नेले.

चिनात्सु परत आली तोवर मी टेबल आवरलं होतं, कार्डं बिस्किटांच्या डब्यात टाकली होती. विषय संपला असं वाटलं.

शाळा उघडून दहा दिवस झाले आणि एका दुपारी हिगाशिदा सर दुकानात आले. हातात कागदांचा गठ्ठा, कपाळावर घाम. त्यांच्या मागून मासळीवाला गोंदा, रबरी बूट तसेच घालून.

"आजी," सर म्हणाले, "या सुट्टीत आमच्या वर्गातल्या तेवीस घरांत बांगडे जळले."

"अगं बाई!" मी म्हटलं. "गॅसचा काही दोष?"

"तुमच्या दुकानाचा दोष!" त्यांनी कागद वाचायला घेतला. "ऐका. 'शेवटची पानं वाचताना मी इतका रडलो की गॅसवरचा बांगडा जळून गेला. आई ओरडली.' हा दुसरा. 'इतकी रडले की बांगडा जळाला.' हा तिसरा, बांगडा. चौथा, बांगडा. आणि ही कादंबरी कसली, तर सगळे सामने हरणाऱ्या बेसबॉलच्या टीमची! विनोदी! एका पोराने तर कार्डावरचा शब्द बदलायचेही कष्ट घेतले नाहीत. लिहितो, 'बांगडा जळाला आणि सासूबाई ओरडल्या.' तेरा वर्षांचा आहे तो, आजी!"

मी वळून गल्ल्यामागे उभ्या सुनेकडे बघितलं. सासूबाई? म्हणजे उन्हाळाभर मी त्या टेबलावर ओरडत उभी होते आणि गाव वाचत होतं? आणि मी स्वतः त्या पोरांना चहा देत होते?

"माझं ऐका आधी," गोंदा पुढे आला. "माझ्या सायोचा निबंध सरांनी उत्तम ठरवला. पालकांना शाळेत बोलावलं, सगळ्यांसमोर वाचून दाखवला. आगबोटीवरच्या आईची कादंबरी. पोरीने लिहिलंय, 'हसून हसून मी स्टुलावरून पडले.' आम्ही टाळ्या वाजवल्या. तर मागच्या बाकावरची एक मुलगी हात वर करून म्हणते, 'सर, त्यात आई बुडून मरते.'"

सरांनी घाईघाईने गठ्ठ्यातले कागद खालीवर केले.

"माझी बायको तेव्हापासून पोरीशी बोलत नाहीये," गोंदा म्हणाला. "म्हणते, मी बुडाले तर ही स्टुलावरून पडेल. आणि बांगड्यांचं तर विचारू नका. गिऱ्हाइकं विचारतात, तुझ्याकडचे मासे जळतात कसे रे इतके?"

"कार्डं ही लिहिते ना?" सरांनी चिनात्सुकडे बोट केलं. "एकही पुस्तक न उघडता लिहिलंय सगळं. वाचलं असतं तर असं घडतं का? मी पालकांच्या पत्रकात छापणार आहे की या दुकानाच्या शिफारशींवर विश्वास ठेवू नका. पुढच्या वर्षी टेबलही नको, यादीही नको."

एकही पुस्तक न उघडता! तिने, जिच्यापायी आमच्या मांजराचं पोट जमिनीला लागलंय!

चिनात्सुचा चेहरा पांढरा पडला होता. तिने बांगडा आणि बेसबॉल ऐकलं तेव्हाच तिला उमगलं असणार. तिने बिस्किटांच्या डब्याकडे बघितलं, लख्ख टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. फार नाही, एक क्षणभर. मग कमरेत वाकली आणि म्हणाली, "चूक माझी आहे, सर. मी नीट वाचलं नव्हतं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या सोप्या अक्षरांतल्या चिठ्ठ्या. अकरा वर्षं. तिला अवघड अक्षरं येत नव्हती म्हणून नव्हे.

मला इतका राग आला! आपली लाज दुसरीने पदराखाली झाकायची आणि आपण चहा ओतत बसायचं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही.

"सरळ हो गं," मी म्हटलं. "वाकलेली बरी दिसत नाहीस. सर, कार्डं मी लावली."

"तुम्ही?"

"रंगावरून. निळ्यावर निळं. मला अवघड अक्षरं वाचता येत नाहीत."

गोंदाचं तोंड उघडं राहिलं. "आजी, तुम्ही? अहो, चाळीस वर्षं आम्ही तुम्हाला विचारून पुस्तकं नेली!"

"आणि एकाने तरी परत आणून दिलं का? मग!" मी म्हटलं. "पण हिने बाराच्या बारा वाचलीत, दोनदोनदा. माझे मासे साक्षीला आहेत. पत्रकात छापायचं तर माझं नाव छापा, मोठ्या अक्षरांत, म्हणजे मलाही वाचता येईल. आता एक सांगा सर. मी अडाणी, मला कळलं नाही. पोरं आळशी, त्यांना कळलं नाही. तुम्ही त्या स्टुलावरून पडणाऱ्या पोरीला पहिला नंबर कसा दिलात? यादी तर तुमची."

सरांनी रुमाल काढला. कपाळ पुसलं, मग मान पुसली, मग चष्मा पुसला. पुसायचं काही उरलं नाही तेव्हा म्हणाले, "यादी... माझ्या आधीच्या सरांकडून आलेली आहे."

"चिनात्सु," मी म्हटलं, "सरांना आगबोटीचं पुस्तक दे. आणि बेसबॉलचंही दे, नाहीतर रात्र वाईट जाईल."

सरांनी दोन्ही घेतली. पत्रकाचं पुन्हा बोलले नाहीत. दारातून एवढंच म्हणाले की तेवीस जण नवा निबंध लिहितील, आणि पुढच्या उन्हाळ्यातली यादी चिनात्सुबाईंनी करून दिली तर बरं होईल. गोंदाने सायोसाठी आगबोट नेली. जाताना स्वतःच्या बायकोसाठीही एक नेली.

मग संध्याकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात. गोंदाने जाताजाता दोन ताजे बांगडे ठेवले होते. चिनात्सुने चिमटा उचलला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"आई, मी भाजते ना. आज पुस्तक नाही घेतलं हातात."

"तेच तर सांगतेय, घे." मी मासे जाळीवर टाकले. "अकरा वर्षं तुला बोलतेय, पण तुझं खरं काय चुकत होतं ते मला आज कळलं. वाचणं आणि मासा भाजणं हे एका बाईचं काम नव्हेच, आणि तू दोन्ही एकटीने करायला गेलीस. ते आगबोटीचं काढ आणि मोठ्याने वाच. पण सावकाश. ती बाई बुडायच्या आत माझे बांगडे झाले पाहिजेत."