चौधरी काकांचं समजूतदार धनुष्य

आमचे शेजारी चौधरी काका कुणाच्याही घरी गेले, की पाणी मागायच्या आधी काहीतरी वाकवून बघतात. पडद्याचा दांडा, छत्री, पोरांचा स्टंप, हाताला लागेल ते. दोन्ही टोकं धरायची, मध्ये गुडघा टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि हळूहळू जोर लावायचा. वस्तू वाकून पुन्हा सरळ झाली, तर "हिच्यात जान आहे" म्हणून ती आदराने जागेवर ठेवतात. मोडली, तर "बरं झालं, आत्ताच कळलं" म्हणतात. माझ्या सासूबाईंची काठी त्यांनी अशीच तपासली. मोडल्यावर दोन्ही तुकडे सासूबाईंच्या हातात देत म्हणाले, "पाहा, याच्या भरोशावर चालून राह्यल्या होत्या तुम्ही!" सासूबाईंचा जीव आपण वाचवला, असं त्यांचं आजही प्रामाणिक मत आहे.

बुऱ्हाणपुरात निवृत्त माणसाला करण्यासारखं पुष्कळ आहे. सकाळी राजघाटावर जाऊन तापीचं पाणी किती चढलं ते बघावं. चौकात उभं राहून केळीच्या भावावर तावातावाने बोलावं, मग आपल्या नावावर केळीचं एक खोड का नसेना. मावा जिलेबी खाऊन शुगर वाढवावी आणि उरलेला दिवस त्या शुगरबद्दल बोलावं. काकांनी एका सरकारी दफ्तरात उभा जन्म बाबूगिरी केली. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का. याहून धोक्याचं हत्यार त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं. आणि निवृत्तीनंतर या माणसाने धनुष्य बनवायला घेतलं. तेही साधं नाही, रिकर्व्ह. "रिकर्व्ह म्हणजे टोकं उलटी वळलेली," काका समजावून सांगतात, "कॅलेंडरमधल्या रामजीच्या हातात राह्यते ना, तसं."

मी हे सगळं हसून सोडून दिलं असतं, पण त्यांच्या घरात सुमन काकू होत्या.

काकू म्हणजे आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाई. मला त्यांनी मैदानाला एवढ्या फेऱ्या मारायला लावल्या, की पुढे मी मुद्दाम बसून करायची नोकरी शोधली. मुलींना धनुष्यबाण शिकवायचाच, हा हट्ट त्यांनी एकटीने धरला आणि तडीला नेला. त्या स्वतः नेम धरायच्या तेव्हा मागे उभ्या असलेल्या आम्ही मुली श्वास रोखून धरायचो. अशा काकूंना गेल्या वर्षी लकवा झाला. पाय सावरला, बोलणं सावरलं, डावा हात तेवढा राहिला. डॉक्टर म्हणाले, व्यायाम केला तर हळूहळू येईल, नाही केला तर कायमचा जाईल.

व्यायाम शिकवायला एक मुलगा यायचा. त्याने काकूंच्या हातात रंगीत रबरी पट्टा दिला आणि लाडात म्हणाला, "चलो आंटी, खींचो! शाबाश!" ज्या बाईने गावातल्या निम्म्या मुलींना कवायत शिकवली, तिला कवायतीबद्दल शाबाशी देणारा तो पहिलाच वीर. काकूंनी पट्टा खिडकीबाहेर फेकला, अर्थात उजव्या हाताने. त्यानंतर त्यांनी डावा हात पदराखाली घेतला तो बाहेर काढला नाही. हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून बसून राहायच्या. कुणी व्यायामाचं नाव काढलं, की एवढंच म्हणायच्या, "झालं आता."

एखादा नवरा अशा वेळी तेल चोळेल, नवस बोलेल, निदान चार डॉक्टर तरी बदलेल. आमच्या काकांनी काय करावं? एक हात गळालेल्या बाईच्या घरात त्यांनी दोन हातांचं हत्यार आणलं. आणि काकू ज्या भिंतीकडे बघत बसायच्या, नेमक्या त्याच भिंतीत खुंटा ठोकला. मला तर वाटलं, माणसाचं डोकं फिरलं.

त्या खुंट्यावर धनुष्य आडवं बसवायचं, त्याची दोरी कप्पीला जोडायची आणि लांब उभं राहून ती ओढायची, म्हणजे लाकूड कुठे वाकतं आणि कुठे अडतं ते भिंतीवर दिसतं. त्यासाठी भिंतभर पेन्सिलीने चौकटी आखलेल्या. जी बाजू कमी वाकेल ती उतरवून काचेच्या तुकड्याने खरवडायची, पुन्हा चढवायची, पुन्हा ओढायची. दोन्ही बाजू सारख्या झुकेपर्यंत हेच. याला इंग्रजीत काहीतरी नाव आहे, ते मोबाईलच्या व्हिडिओतला एक दाढीवाला गोरा सांगत असतो. पण काका व्हिडिओचा आवाज बंद ठेवतात. इंग्रजी येत नाही, मग उगाच कायले ऐकायचं, असा त्यांचा रोकडा हिशेब. ते या कामाला 'समजावणं' म्हणतात.

"काय चाललंय काका?"

"लाकडाले समजावून राह्यलो."

"मग? समजलं का?"

"जबरदस्ती केली का मोडतं, बाई. आराम से घ्यावं लागतं."

आराम से घेऊनही पहिली काही धनुष्यं मोडलीच. धनुष्य मोडतं तेव्हा असा आवाज होतो, की ट्रान्सफॉर्मर उडाला समजून गल्लीतले लोक आधी घरातले दिवे गेले का ते बघायचे. मग काका तुकडे घेऊन ओट्यावर यायचे आणि खेदाने जाहीर करायचे, "नाही समजलं त्याले." लगेच तुकईथडच्या साडूला फोन जायचा आणि बांधावरच्या धामणीच्या झाडाचं नवं लाकूड बसच्या टपावरून यायचं. टोकं वळवायला लाकडाला वाफ द्यावी लागते. त्यासाठी काकांनी लग्नकार्यातलं मोठं पातेलं चढवलं आणि गॅस फुकट जाऊ नये म्हणून त्याच वाफेवर डाळही शिजवली. त्यातली वाटीभर आमटी आमच्याकडे आली. तिला असीरगढच्या जंगलात शिरल्यावर येतो तसा वास होता.

इथवर ठीक होतं. पण एक दिवस काकांनी कहर केला. धनुष्याच्या दोन बाजूंना ते 'हात' म्हणतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सकाळी मी कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात कंपाउंडवरून काकांचा आवाज आला, "वंदना! डावा हात वाकला ना! एकदम सुंदर वाकला!"

माझ्या हातातला टॉवेल पडला. मी स्कूटर काढली, चौकातून गरम मावा जिलेबी घेतली, येताना गल्लीतल्या तीन-चार बायकांना सांगितलं. आम्ही सगळ्याजणी डोळे पुसत चौधरींच्या हॉलमध्ये शिरलो. काकू होत्या तशाच बसल्या होत्या, हात पदराखाली. आणि काका कप्पीची दोरी धरून लाकडाकडे अशा कौतुकाने बघत होते, जसं काही नातवाने पहिलं पाऊल टाकलं.

"कशाची जिलेबी?" काकूंनी विचारलं.

एकीने "काकांच्या धनुष्याची" म्हणून वेळ मारून नेली. काकांनी दोन तुकडे खाऊन अभिनंदन स्वीकारलं.

मी त्यांना ओट्यावर ओढलं आणि फैलावर घेतलं. "ज्या बाईने जन्मभर धनुष्य शिकवलं, तिच्या डोळ्यांसमोर रोज हे नाचवता? काही वाटतं का तुम्हाला?"

काका जिलेबीचा पाक पुसत म्हणाले, "काल ती बोलली."

"काय बोलली?"

"म्हणे, उजवीकडं जास्त खरवडलं तुम्ही."

मला वाटलं, त्रासून बोलल्या असतील. मी हात जोडले आणि घरी आले.

पुढे दसरा जवळ आला तसे तिवारीजी कामाला लागले. तिवारीजी आमच्या कॉलनी समितीचे अध्यक्ष. दरवर्षी रावण तेच मारतात, म्हणजे दोन पावलांवर उभं राहून पेटता फटाका फेकतात. यंदा त्यांना खरा बाण पाहिजे होता. "इस बार चौधरीजी के धनुष से रावण जलेगा!" त्यांनी गणपतीतच माइकवरून सांगून टाकलं. काका म्हणाले, "देखेंगे."

आणि इथून काकांचं जे सुरू झालं, ते मला अजिबात कळेना. तोवर एक धनुष्य खरंच समजूतदार निघालं होतं. दोन्ही टोकं डौलात वळलेली, दोन्ही बाजू सारख्या झुकणाऱ्या. तिथेच थांबायचं की नाही? पण काका खरवडतच राहिले. रद्दीवाल्याकडून रद्दी तोलायचा हुकाचा काटा आणला होता, तो दोरीत अडकवून ओढायला किती जोर लागतो ते मोजायचे आणि आकडा उतरला की खूश व्हायचे. "आज अजून कमी झालं!" धनुष्य बनवणारा जगातला प्रत्येक माणूस ते कमजोर झालं की रडत असेल. आमचे काका ते कमजोर झालं की चहा पाजायचे. मूठ तर त्यांनी इतकी जाड केली आणि त्यावर काकूंच्या जुन्या सुती साडीच्या इतक्या पट्ट्या गुंडाळल्या, की मी विचारलं, "काका, ही मूठ आहे का उशी?"

"धरणाऱ्याले धरता आली पाह्यजे ना," काका म्हणाले.

तिवारीजींनी एकदा येऊन करंगळीने दोरी ओढून पाहिली. "भाईसाब, इससे तो मच्छर भी नहीं मरेगा!"

"हो ना!" काका आनंदाने म्हणाले.

दसऱ्याला दुपार उतरल्यावर मैदानात माइक सुरू झाला. चौधरीजी येईनात, फोन उचलेनात. तिवारीजींनी मला पिटाळलं. सोनं द्यायचंच होतं, म्हणून आपट्याची पानं घेऊन मी निघाले आणि वाटेत काकांना काय काय सुनवायचं ते जुळवत गेले. दार उघडं होतं. हॉलमध्ये कुणी नव्हतं, खुंट्यावर धनुष्य नव्हतं आणि काकूंची खुर्चीही जागेवर नव्हती. मागच्या अंगणातून आवाज आला म्हणून मी तिकडे धावले आणि दारातच थांबले.

काकू सीताफळाच्या झाडाखाली खुर्चीत बसल्या होत्या. डावा हात पदराबाहेर होता. बोटं पुरती मिटत नव्हती, पण ती जाड मूठ त्यांच्यात बसली होती आणि वरून साडीच्या पट्टीने सैलसर बांधली होती. अंगणाच्या टोकाला, भिंतीपाशी, वाळलेली केळीची पानं भरलेलं एक पोतं उभं होतं. काका त्याच्याशेजारी.

काकूंनी उजव्या हाताने दोरी ओढली. डावा हात थरथरला आणि खाली आला. कुणाला इजा नको म्हणून टोकाला चिंध्या गुंडाळलेला बाण चार हातांवर जाऊन पडला.

काका धावले. बाणाला हात न लावता त्यांनी पोतंच फरफटत बाणापाशी आणलं, त्याला टेकवून उभं केलं आणि ओरडले, "लागला! सुमन, लागला ना!"

काकूंनी दुसरा बाण सोडला. तो आणखी अलीकडे पडला. काकांनी पोतं आणखी अलीकडे ओढलं. "लागला!" त्यांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. मला वर्षभराचे माझे सगळे टोमणे आठवले. एवढं साधं कसं दिसलं नाही मला?

मैदानावरून माइक ओरडत होता, "चौधरीजी जहाँ कहीं भी हों..."

काकूंनी धनुष्य मांडीवर ठेवलं आणि काकांकडे पाहिलं. ती नजर मी मैदानावर खूपदा झेलली होती.

"अहो, हे काय लावलंय?"

"लागला ना पण," काका म्हणाले.

"मी पोरींना असं शिकवलं नाही कधी. पोतं मागं न्या. भिंतीपाशी."

"लय लांब होईल, सुमन."

"होऊ द्या. आज नाही लागणार, उद्या नाही लागणार. न्या मागं."

काकांनी पोतं उचललं. पोतं छातीशी धरून ते भिंतीकडे चालत गेले आणि तिथे पोचल्यावरही बराच वेळ पाठमोरेच उभे राहिले. मी डोळे पुसत, बाण उचलायला म्हणून अंगणात उतरले.

"वंदना," काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मधे येऊ नको."

मी बाजूला झाले. काकूंनी धनुष्य पुन्हा उचललं.