आजी गेल्या, पण कुठे?

दुसरा सीझन पहिल्याच्याही वरताण असणार, याबद्दल सुनेच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर बसून तिने ही गोष्ट वॉर्डबॉयपासून भूलतज्ज्ञापर्यंत सगळ्यांना ऐकवली होती.

मालिका कोरियन. दिवसा लॉण्ड्री चालवणारं आणि उरलेल्या वेळात पिशाच्चांना बदडून काढणारं एक पथक. लॉण्ड्रीच्या मालकीणबाई, म्हणजे आजी, गरम इस्त्री घेऊन राक्षसाच्या अंगावर धावून जायच्या, तेव्हा तिचे सासरे खुर्चीत ताठ होऊन बसायचे. लिफ्टदुरुस्तीत आयुष्य काढलेला हा अबोल माणूस. नवरा सदा फिरतीवर, आणि घरात उरलेल्या या दोघांचं बोलणं लग्नापासून "चहा ठेवू का बाबा?" आणि "ठेव" याच्या पुढे सरकलेलं नव्हतं. मग बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पडद्यावरची माणसं दिसत, पण खालची अक्षरं दिसेनात. नवा चष्मा मिळायला अवकाश होता. म्हणून दुपारी ड्युटीवरून आली की ती खालच्या मराठी ओळी मोठ्याने वाचायची. तेवढ्यावर दोघांची अशी गट्टी जमली, की कोणतं भूत कुठे चुकलं यावर जेवताना वाद व्हायला लागले.

आणि दुसरा सीझन आला. पहिल्याच भागात नायकाने डोळ्यांत पाणी आणलं आणि तिने खालची ओळ वाचली, "आजी गेल्या."

"कुठे?" बाबांनी विचारलं.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. खुर्चीच्या टोकाशी येऊन ते उत्तराची वाट बघत होते. वाईट बातमी गोड आवाजात सांगायची तिला सवय होती, पण या चेहऱ्यापुढे तीही चालेना.

"माहेरी," ती म्हणाली.

"या वयात?"

"धाकटा भाऊ आहे ना. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे."

तिथून जी घसरगुंडी सुरू झाली ती थांबेचना. काळी फीत लावलेला आजींचा फोटो भिंतीवर दिसला, तेव्हा तिने तो उत्कृष्ट लॉण्ड्रीचालक म्हणून झालेल्या सत्काराचा ठरवला. त्यापुढे नायक हुंदके देऊन रडला ते आनंदाश्रू. मालिकेचंही पार मातेरं झालेलं. नायकाची स्मृती गेलेली, लॉण्ड्री एका कंपनीने विकत घेतलेली, भुतं औषधालाही नाहीत. दर भागात कोट घातलेले लोक लांबलचक टेबलाभोवती बसून शेअर्सबद्दल बोलत. तिने ते सगळे संचालक भुताने झपाटलेले ठरवले. मग यांना कुणी मारत का नाही, असं बाबांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, की आधी ठराव पास व्हावा लागतो. बाबांना ते पटलं. त्यांनी सोसायट्यांच्या बैठका पुष्कळ पाहिल्या होत्या.

रोज ते भावाच्या गुडघ्याची चौकशी करत. तिने त्याला वॉकर दिला, फिजिओथेरपी लावली, मधेच एकदा पाय सुजवला. त्या दिवशी बाबा नीट जेवले नाहीत.

बाबा हे सगळं बागेतल्या बाकावर मित्रांना सांगत असणार, हे मात्र तिच्या लक्षात आलं नव्हतं. त्या मित्रांत एक निवृत्त मास्तर होते. बाबांच्या तोंडची गोष्ट ऐकून ते स्वतः मालिका बघायला लागले आणि त्यांनी बाकावर जाहीर केलं, की म्हातारी मेलेली आहे. बाबा खवळले. माझी सून दवाखान्यात काम करते, कोण मेलंय आणि कोण नाही हे तिला कळत नाही का, असं त्यांनी मास्तरांना ठणकावलं. झालं. दुसऱ्या दिवशी ती घरी आली तर दोघे म्हातारे टीव्हीसमोर, आणि मास्तर चष्मा पुसत बसलेले.

नशीब असं, की त्याच भागात वर्षश्राद्धासारखं काहीतरी होतं. मास्तरांनी वर्गात धडा वाचावा तसं वाचलं, "आजी गेल्या त्याला आज वर्ष झालं."

"तेच तर!" बाबा म्हणाले. "माहेरी जाऊन वर्ष झालं."

मास्तरांनी चष्मा सावरला. पुढची ओळ वाचली. त्यात आजींची कबर होती.

 मास्तरांना आपण जिंकल्याचा आनंदही धड झाला नाही. काहीतरी काम आठवल्याचं पुटपुटत त्यांनी चपला घातल्या. बाबा उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. ती मागोमाग गेली.

"म्हणजे भाऊ..." ते म्हणाले.

"भाऊ नव्हताच, बाबा."

"आणि त्याचा गुडघा?"

"तोही नाही."

मग तिने सगळं सांगून टाकलं. मालिका किती रद्दी आहे तेही सांगितलं. ती बंद पडली तर दुपारी आपण दोघं काय बोलणार, याचीच तिला भीती वाटली होती. 

"मी काळजी करत होतो त्या माणसाची," बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "पाय सुजवायची काय गरज होती?"

"तेवढं जास्तच झालं," तिने कबूल केलं. तेव्हा कुठे त्यांना हसू फुटलं.

शेवटचा भाग मात्र खरा खरा वाचायचा, असं ठरलं. तिने प्रामाणिकपणे शब्दन्शब्द वाचला. संचालकांची बैठक सुरू झाली आणि बाबा घोरायला लागले. नफ्यातोट्याचा ताळेबंद निघाला तेव्हा तिचीही मान सोफ्याच्या पाठीवर कलली.

जाग आली तेव्हा नवरा फिरतीवरून परतला होता. बूटसुद्धा न काढता, बॅग मांडीवर घेऊन तो टीव्हीसमोर बसला होता आणि रुमालाने डोळे पुसत होता.

"इतकी सुंदर मालिका लावून तुम्ही दोघं झोपता कसे?" तो म्हणाला. त्याची आठवडाभराची रजा मंजूर झाली होती. आता तिघं मिळून हा सीझन पहिल्यापासून बघायचा, असं त्याने जाहीर केलं.

बाबांनी तत्काळ डोळ्यावर हात ठेवला आणि डॉक्टरांनी टीव्हीला सक्त बंदी केल्याचं सांगितलं. सुनेला इतक्या चटकन सबब सुचली नाही. त्यामुळे सध्या ती नवऱ्याशेजारी बसून त्या कंपनीची दुसरी बैठक बघते आहे.